यामाहा आरएक्स १००ची पेट्रोल टाकी, खोल पोचा आणि लांबीला (म्हणजे पोचा भरायच्या पुट्टीला) हात न लावणारे काका – रिव्ह्यू (मोठाय, चहा घेऊन बसा)

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल. टाकीला खोल पोचा गेलाय, गाडी जुनी आहे, ओरिजिनल टाकी मिळत नाही किंवा मिळते ती परवडत नाही आणि तुम्हाला तीच टाकी ठेवायचीय, तर पुण्यात नाना पेठेच्या आतल्या गल्लीत एक काका बसतात त्यांच्याकडे जा. साडेचार स्टार. अर्धा कापला कारण वेळेचा भरवसा शून्य आणि फोन उचलत नाहीत. नाव मुद्दाम टाकत नाहीये, त्यांनीच सांगितलं "नेटवर बिटवर टाकू नका, आहेत त्याच टाक्या उरकत नाहीत", पण नाना पेठेत स्पेअर पार्टच्या कुठल्याही काउंटरवर "फक्त टाक्यांचं काम करणारे काका" एवढं म्हटलं की समोरचा मान वर न करता हात करून दाखवतो.

दारावर पाटी आहे. "रंग मारून मिळणार नाही. लांबी भरून मिळणार नाही. कधी मिळेल विचारू नये." पेठेतलं दुकान म्हटल्यावर पाटी आलीच, पण ही नुसती खडूसपणाची नाहीये, धंद्याचं सगळं धोरण त्या तीन ओळीत आहे हे मला नंतर कळलं.

गाडी म्हणजे यामाहा आरएक्स १००, पिकॉक ब्लू. १९८५ ला आली आणि १९९६ ला बंद झाली, त्यामुळे आज रस्त्यावर जी कुठली आरएक्स दिसते ती कमीत कमी पंचवीस-तीस वर्षांची म्हातारी आहे, तिची टाकी तीनदा-चारदा रंगवून झालेली असते आणि आत काय दडलंय ते देवालाच माहीत. माझी पार्किंगमध्ये कुणीतरी बाजूची स्कूटर काढताना डावीकडे पाडली, हँडलचा स्टॉपर झिजलेला होता म्हणून हँडल जास्तच वळलं आणि क्लचच्या बाजूचा ब्रॅकेट सरळ टाकीच्या खांद्यात घुसला. वाटीएवढा पोचा आणि त्याच्या मधोमध बोटभर लांब घडी. ही घडी महत्त्वाची आहे बरं का. नुसता गोल उथळ पोचा असेल तर पत्रा फक्त आत ढकलला गेलेला असतो, त्याला परत यायचंच असतं, पण घडी पडली म्हणजे तिथे पत्रा ताणला गेलाय आणि कडक झालाय, तो आपणहून कधीच परत येत नाही. तुमच्या टाकीला यातलं काय झालंय ते आधी अंगठा फिरवून बघा, पुढचा सगळा खर्च त्याच्यावर ठरतो.

पहिल्यांदा ऑनलाइन मिळतं ते गोंदाने डेंट ओढायचं किट आणलं, अकराशेला. ब्रँड सांगत नाही, सगळे सारखेच आहेत, एकाच साच्यातले निळे-पिवळे प्लास्टिकचे टॅब, ग्लू गन, एक छोटा पूल असतो तसा स्क्रूवाला लिफ्टर आणि स्पिरिटची बाटली. जागा स्पिरिटने पुसायची, गरम गोंद लावून टॅब चिकटवायचा, गार होऊ द्यायचा, मग लिफ्टरने हळूहळू ओढायचा, सुटला की परत. उजव्या बाजूला जुना एक रुपयाच्या नाण्याएवढा उथळ पोचा होता तो याने खरंच ८० टक्के वर आला, रंग न जाता, तेव्हा किट फसवं आहे असं मी म्हणणार नाही. पण डावीकडच्या मोठ्या पोच्याला लावलं तर टॅबबरोबर रंगाचा पापुद्राच उचकटून आला आणि खाली गुलाबीसर भरणी दिसली. म्हणजे आधीच्या कुठल्यातरी मालकाने तिथेच एकदा लांबी भरून ठेवली होती! असल्या जागी गोंद पत्र्याला ओढतच नसतो, तो लांबीला ओढतो. तर किटबद्दल माझं मत – कंपनीचा मूळ रंग असलेली टाकी, उथळ पोचा, घडी नाही, शिवण किंवा कडेपासून लांब, तर घ्या. रंगवलेली टाकी असेल तर लावूच नका. आणि एक, कारच्या दाराचा पत्रा टाकीपेक्षा पातळ आणि सपाट असतो, व्हिडिओत दाखवतात तो सगळा चमत्कार कारवर केलेला असतो. टाकी दोन्ही दिशांनी गोल, त्यामुळे तिचा पत्रा आपल्या जागी भलताच घट्ट बसलेला असतो.

व्हिडिओंचा विषय निघालाच आहे तर, हेअर ड्रायरने तापवून वर उलटा धरलेला स्प्रे मारायचा किंवा ड्राय आइस चोळायचा तो प्रकार लोखंडी टाकीवर चालत नाही, पाच मिनिटं वाया जातात इतकंच. उकळतं पाणी प्लास्टिकच्या बंपरसाठी. पण दोन प्रकार खरंच धोक्याचे आहेत. एक म्हणजे टाकी पाण्याने भरून डीप फ्रीजरमध्ये ठेवणे. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं हे खरं, पण ते फुगताना तुमचा पोचा कुठाय हे बघत नाही, जिथे पत्रा कमजोर तिथे जातं, म्हणजे शिवण उलते. दुसरा म्हणजे तोंडं बंद करून पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची हवा भरणे. साधा हिशोब करा, एक चौरस फूट पत्र्यावर १० पीएसआय (दर चौरस इंचाला १० पौंड) म्हणजे १४४० पौंड, साडेसहाशे किलोच्या वर जोर. टायरमध्ये आपण २५-३० भरतो. टाकीच्या पोटात फ्रेमवर बसायला जो बोगदा असतो तो आधी फुगतो आणि मग टाकी फ्रेमवर बसतच नाही, पोचा मात्र जसाच्या तसा. काकांकडे कोपऱ्यात अशी एक टाकी ठेवलेली आहे, गिऱ्हाइकाला दाखवायला.

मग नवीन टाकीच का नाही घेतली? बघितल्या की. बाजारात आरएक्सच्या कॉपी टाक्या साडेतीन-चार हजारापासून मिळतात आणि लांबून छान दिसतात. हातात घेतल्यावर वजनातच फरक कळतो. एकीचं झाकण बसत नव्हतं, दुसरीच्या मागच्या रबराची जागा दोन सूत पुढे, तिसरीच्या गुडघ्याजवळच्या खोलगट भागाचा आकारच वेगळा, चेहरा बदलल्यासारखी गाडी दिसते. जुनी ओरिजिनल म्हणून जे विकतात ते "जपान माल आहे साहेब" पासून सुरुवात करतात, आकडा ऐकून मी चहाचे पैसे देऊन निघालो. आणि त्या जुन्या ओरिजिनलच्या रंगाखाली किती लांबी आहे हे कोण सांगणार? खिशात लोहचुंबक ठेवा, फ्रिजवर लावायचा तोच, पातळ कापडात गुंडाळून टाकीवर फिरवा, जिथे पकड एकदम ढिली होते तिथे भरणी आहे. फुकटची टेस्ट, जुनी गाडी घेतानाही करा.

रंगवाल्याकडेही गेलो होतो, सिंहगड रोडला, नाव नको. त्याने पोच्यावर एकदा हात फिरवला आणि "भरून रंग मारून अठराशे, परवा घेऊन जा" म्हणाला. आता लांबी वाईट असते असं नाही, कुठलंही चांगलं काम शेवटी दशांश-पाव मिली (मिलिमीटर) जाडीच्या पुट्टीशिवाय गुळगुळीत होत नाही. पण आठ-दहा मिली खोल खड्डा पेस्टने भरायचा म्हणजे टाकीवर दगडाचा लपका ठेवणं आहे. दोन-तीन मिलीच्या वर जाऊच नये. त्यातून आरएक्स म्हणजे टू स्ट्रोक, हातापायाला मुंग्या आणणारी गाडी, वर पत्रा उन्हात तापतो तेव्हा फुगतो एका मापाने आणि पेस्ट दुसऱ्या मापाने, वर्ष-दीड वर्षात कडेने केसाएवढी चीर येते आणि मग पाणी शिरलं की आतून गंज. काही जण तर एन सी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टीचेच थर चढवतात, ती हवेने सुकते आणि महिनोन्महिने बसत राहते, रंग मारला तेव्हा आरसा असतो आणि दिवाळीला खड्ड्याची कड परत दिसायला लागते. अठराशेत दुसरं काय मिळणार म्हणा.

तर काका. वय सत्तरीच्या आसपास असावं, दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली आणि पुढचा ओटा, भिंतीवर टाक्याच टाक्या, बुलेट, येझदी, राजदूत, एक लॅम्ब्रेटाची पण होती. मी गाडीसकट गेलो तर गाडीकडे बघितलंच नाही. "टाकी उतरवून आणा. पेट्रोल काढून, कॉक काढून, झाकण काढून, दोन दिवस उन्हात ठेवून आणा." मी म्हटलं काका रिकामीच आहे, तर म्हणाले "रिकामी म्हणजेच बाँब." आणि हे शंभर टक्के खरं आहे, बऱ्याच गॅरेजवाल्यांनासुद्धा पटत नाही. पेट्रोल नाही पेटत, पेट्रोलची वाफ पेटते, हवेत वाफेचं प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्क्यांच्या मधे असलं की एक ठिणगी पुरते, आणि गच्च भरलेल्या टाकीत हवाच नसते, तळाला चमचाभर पेट्रोल राहिलेल्या टाकीत मात्र नेमकं ते मिश्रण तयार होतं. वाफ हवेपेक्षा जड, ती टाकीच्या तळाशी बसून राहते, झाकण उघडं ठेवलं म्हणून जात नाही. त्यामुळे ते स्वतः परत कपड्याची पावडर टाकून गरम पाण्याने धुतात, खळाखळा, वास येईना झाला की मग काम करायची जागा वर येईल अशी टाकी तिरकी ठेवून आत पाणी भरतात, म्हणजे वाफेला जागाच राहत नाही, फक्त कामाच्या जागेपुरती हवा. कुणी वेल्डिंगवाला न धुता, न भरता टाकीला मशीन लावत असेल तर पैसे वाचवायचं नंतर बघा, आधी तिथून लांब उभे राहा.

पुढचं काम बघायला मला बसू दिलं, ओट्यावर, मधे बोलायचं नाही या अटीवर. (बोललोच.)

आधी रंग काढणाऱ्या केमिकलने डाव्या बाजूचा रंग पूर्ण काढला, आणि काय निघालं तर लांबीचा जुना थर, कानशीने उकरल्यावर सगळ्यात जाड जागी चार मिली, खाली आधीच्या कुणीतरी पितळेचं वेल्डिंग करून सळई चिकटवून ओढल्याची खूण. ही जुनी पद्धत, पूर्वी सगळे असंच करायचे. गॅसने सळई चिकटवायची, ओढायची, मग कापून घासायची. त्यात पत्रा इतका तापतो की आतल्या बाजूचा गंज न धरणारा मुलामा जळून जातो आणि बरोबर त्याच ठिकाणी आतून गंज सुरू होतो, शिवाय घासताना पत्रा पातळ होतो ते वेगळंच. माझ्या टाकीला तिथे आतून टॉर्च मारल्यावर तपकिरी डाग होताच.

काका वापरतात ते स्पॉट मशीन. छोटे वॉशर किंवा पिना पत्र्याला क्षणभराच्या करंटने चिकटतात, त्यात आकडा अडकवायचा आणि दांडीवर सरकणाऱ्या वजनाच्या हातोड्याने बाहेरच्या बाजूला टोले द्यायचे, किंवा नुसतं ताणून धरायचं. मशीन काय, आता प्रत्येक बॉडी शॉपमध्ये असतं. फरक हाताचा आहे आणि तो मला समोर दिसला. सगळे जण खड्ड्याच्या मधोमध, सगळ्यात खोल जागी वॉशर लावून दणादण ओढतात. मग मधे टोकं निघतात, बाजूला खड्डा तसाच राहतो, मग टोकं घासा आणि बाकी भरा. काकांनी आधी पोच्याच्या भोवती हात फिरवला आणि खडूने एक अर्धवर्तुळ काढलं. पत्रा आत जाताना कडेला कुठेतरी बाहेर फुगतोच, ती जी उठलेली कड असते तीच पोच्याला आत धरून ठेवते. त्यांनी ओढलं कमी आणि ती कड ठोकली जास्त. डाव्या हाताने आकड्याला ताण, उजव्या हाताने चपट्या तोंडाच्या हातोडीने कडेवर हलके हलके, टक टक टक, कडेकडून मधे, म्हणजे जे सगळ्यात शेवटी वाकलं ते सगळ्यात आधी सोडवायचं. आणि मग एका टोल्याला वाटीचा निम्मा भाग बद्द आवाज करून आपणहून वर आला, मी उठून उभाच राहिलो, ते ढिम्म.

घडी मात्र अशी येत नाही. तिथे एकाला लागून एक अशी वॉशरची ओळ लावली, त्यातून सळई ओवली आणि पूर्ण ओळ एकदम ताणली. मधे मधे झाकणाच्या भोकातून वाकडी सळई घालून आतून रेटा. या सळया जुन्या टेम्पोच्या पाट्याच्या लोखंडाच्या त्यांनी स्वतः वाकवलेल्या आहेत, दहा-बारा प्रकारच्या, प्रत्येक गाडीच्या टाकीला वेगळी, कारण आत तो बोगदा आडवा येतो आणि सरळ सळई कुठेच पोचत नाही. आरएक्सला झाकणातून खांद्यापर्यंत सळई जाते, गुडघ्याच्या जागेला जात नाही. तिथे पोचा असता तर खालून टाकीचं पोट कापून आतून ठोकून परत वेल्ड करावं लागलं असतं, ते पण ते करतात पण "गरज असेल तरच, एकदा फाडलेली टाकी कधीतरी रडतेच" असं त्यांचं म्हणणं.

शेवटी राहिला ताणलेला पत्रा. सगळं वर आल्यावरही एक जागा अंगठ्याने दाबली की आत जायची आणि सोडली की टुक्कन बाहेर. मला वाटलं झालं काम, एवढं तर चालतंय. त्यांनी मशीनला तांब्याचं टोक लावून तिथे बारीक ठिपका लालभडक केला आणि लगेच ओलं फडकं दाबलं, च्स्स्. मग बाजूला अजून एक. गरम ठिपका फुगायला बघतो पण भोवतीचा गार पत्रा त्याला फुगू देत नाही, मग गार होताना तो आकसतो आणि आजूबाजूचा जास्तीचा पत्रा आत ओढून घेतो. पाच-सहा ठिपक्यांनंतर ती जागा कडक. कसब्यात तांबट आळीत मठारकाम बघितलं असेल त्यांना हे लगेच समजेल, ठोकून ठोकून धातू कडक होतो, पसरतो, आणि त्याला परत नरम करायला आग लागते. काका मूळचे त्याच भागातले, धाकटेपणी तांब्याच्या बंबांवर हात बसलेला, म्हणजे हे कौशल्य बॉडी शॉपच्या ट्रेनिंगमधून आलेलं नाहीये.

मग लांब कानस आडवी फिरवली, उंच जागा चकाकतात आणि खोल जागा काळ्या राहतात, परत ते काळे ठिपके थोडे वर, परत कानस. हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. शेवटी नागडा चकचकीत पत्रा, नखाने जाणवेल न जाणवेल असा एक हलका खोलगटपणा घडीच्या जागी. "इथे पाव मिली जाईल रंगवाल्याचं. त्याच्यापेक्षा जास्त भरली तर तो चोर." बस्स, एवढी एकच गोष्ट मला या रिव्ह्यूमधून सांगायचीय खरं तर. टाकी कुणाकडेही द्या, पण रंग मारायच्या आधी, पत्रा उघडा असताना एकदा बघायला मिळाली पाहिजे असं आधीच ठरवून घ्या. नाही म्हणाला तर त्याच्याकडे दाखवण्यासारखं काही नाहीये. रंग झाल्यावर सगळ्या टाक्या सारख्याच सुंदर दिसतात.

लीक टेस्ट पण समोर केली. झाकणाला आणि कॉकला रबर लावून, हातपंपाने जेमतेम दोन-तीन पीएसआय हवा आणि टाकी पाण्याच्या पिंपात. जुन्या पितळेच्या जागी एक बारीक बुडबुड्यांची माळ निघाली, म्हणजे ही टाकी आज ना उद्या गळणारच होती. ती बुजवायचे तीनशे वेगळे घेतले, मला काही चुकीचं नाही वाटलं.

खर्च. डेंटचे २६००, भोकाचे ३००, रंग काढायचे त्यातच. बॉडी शॉपच्या दराने बघितलं तर कमी, रंगवाल्याच्या "भरून देतो"च्या मानाने जास्त, कारण यात रंग नाहीच. रंगाचे दुसरीकडे साडेचार हजार गेले.

आता तक्रारी, कारण काका देवमाणूस वगैरे मुळीच नाहीत. "आठवड्याने या" म्हणाले त्याला जवळपास महिना लागला आणि दर खेपेला कुणाची तरी बुलेट आधी. पावती नाही, ऑनलाइन पैसे नाहीत. झाकणाच्या कडेला पान्याचा एक ओरखडा आला तो दाखवला तर "क्रोम करून घ्या" एवढंच उत्तर. आतला गंज ते काढत नाहीत, तो तुमचा तुम्ही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे टाकी उघड्या पत्र्याची हातात देतात, वर फक्त तेलाचा हात. पावसाळ्यात गेलात तर संध्याकाळपर्यंत गंजाची झाक येते. मी आधीच रंगवाल्याला सांगून ठेवलं होतं आणि तिथून थेट त्याच्याकडे गेलो. हे ते स्वतःहून सांगत नाहीत, सांगायला हवं.

रंगाबद्दल थोडक्यात, तो वेगळा विषय आहे. उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, मग गरजेपुरती पॉलिस्टर पुट्टी हार्डनर नीट मोजून, मग सरफेसर, रंग, स्टिकर, आणि वर हार्डनरवाला पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. शेवटचं महत्त्वाचं. साध्या एन सी लॅकरवर पेट्रोल भरताना चार थेंब सांडले की तिथे रंग पाघळतो. स्टिकर क्लिअरच्या खाली घ्या. रंग तोच ठेवलात तर काही प्रश्न नाही, बदलायचा असेल तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते, हे रंगवाले सांगत नाहीत. बुलेटवाल्यांचं दुःख वेगळं. ओट्यावर माझ्या शेजारी एक जण रॉयल एनफील्ड क्लासिकची टाकी घेऊन बसला होता, त्याला पोच्यापेक्षा पट्टीची काळजी. ती सोनेरी रेघ चेन्नईच्या फॅक्टरीत हाताने मारतात, किशोर कुमार आणि जयकुमार या दोन भावांचा हात त्यासाठी प्रसिद्ध आहे. टाकी एकदा उघडी केली की ती रेघ गेली, मग इथे कुणीतरी स्टिकर चिकटवतो आणि जाणकाराला वीस फुटांवरून कळतं. त्याला काकांनी सरळ परत पाठवलं, "रंग शाबूत आहे, आधी गोंदवाल्याकडे जा, नाही झालं तर या." गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार, माझा अर्धा विश्वास तिथेच बसला.

आतल्या गंजाचं मी घरी केलं. सायट्रिक अ‍ॅसिड गरम पाण्यात, मूठभर नट टाकून हलवायचं, रात्रभर ठेवायचं, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवून लगेच वाळवायचं आणि लगेच पेट्रोल-ऑइल फिरवायचं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या जुन्या गाड्यांनी याकडे बघायलाच हवं. डेंट काढलेल्या जागी आतून मशीनचे जळके ठिपके असतातच, गंज तिथूनच धरतो.

कुणी जाऊ नये तेही लिहितो. स्प्लेंडर, शाइन, पल्सर, ज्यांची कंपनीची टाकी शोरूमला मिळते त्यांनी उगाच महिनाभर गाडी उभी ठेवू नका, दोन्ही खर्च जोडून बघा, बऱ्याचदा नवीन टाकी बरी पडते. फुल इन्शुरन्स असेल तर आधी क्लेम विचारा, फक्त हे लक्षात ठेवा की लोखंडी पार्टवरही घसारा कापतात, पाच वर्षांवरच्या गाडीला ४० टक्के आणि दहाच्या वर ५०, झिरो डेप (घसारा न कापणारी पॉलिसी) नसेल तर. थर्ड पार्टीवाल्यांना यातलं काहीच नाही. आणि शिवणीवर किंवा तळाला पोचा असेल आणि पेट्रोल गळत असेल तर रिव्ह्यू वाचत बसू नका, आधी टाकी रिकामी करून गाडी घराबाहेर लावा.

जायचं असेल तर सकाळी अकराच्या आत जा, दुपारी एक ते चार झोपलेले असतात आणि सोमवारी बंद. टाकीबरोबर झाकण आणि कॉक वेगळ्या पिशवीत न्या, लीक टेस्टला लागतात, नाहीतर परत पाठवतात. टाकीच्या तळाला खिळ्याने आपली खूण करून ठेवा, तिथे सगळ्या टाक्या रंग काढून एकत्र पडलेल्या असतात.